सोन्याची टेस्ट

"आ करा," हाच सरांचा नमस्कार होता. समोरचा जय भीम म्हणायला तोंड उघडायचा, तेवढ्यात सरांच्या खिशातली छोटी बॅटरी त्याच्या गालापर्यंत पोचलेली असायची. आमच्या बुवापाड्यात कुणाची दाढ किडली आहे, हे त्याच्या बायकोआधी सरांना ठाऊक असे.

असा एखादा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. चांगला असतो, पण दुरून दिसला की आपण काहीतरी विसरल्याचं निमित्त करून घरात परततो.

सर उल्हासनगरच्या एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचे. त्यांची आई तंबाखूची मिश्री लावायची. तिच्या गालातली गाठ घरच्यांना दिसली तेव्हा फार उशीर झाला होता. हे ते माझ्याशी एकदाच बोलले, आणि लगेच पाण्याच्या टाकीचा विषय काढला.

मोबाइल नुकतेच सगळ्यांच्या हातात आले होते, तेव्हाची गोष्ट. एका रविवारी विहारात वंदना झाल्यावर सरांनी काचेची बाटली वर धरली. आत कोकम सरबतासारखं लाल पाणी. म्हणाले, हे सोनं आहे. बायका एकदम पुढे सरकल्या. सरांनी समजावलं की सोन्याचे कण केसापेक्षा हजारो पटींनी बारीक केले की ते पिवळे न राहता लाल दिसतात. याला नॅनो म्हणतात. हे कण कॅन्सरच्या पेशीला नेमके चिकटतील असे तयार केले, तर गाठ यायच्या आधीच आजार पकडता येईल. कधीतरी थुंकीच्या थेंबावरसुद्धा. अजून सगळं प्रयोगशाळेतच आहे, असंही ते म्हणाले. पण तोवर आम्ही सोन्यापाशीच अडकलो होतो. चपला घालेपर्यंत आमचा सोपा अर्थ तयार झाला. सोनं तोंडात धरायचं, लाल झालं तर डॉक्टर गाठायचा.

मला ही टेस्ट फार पटली, कारण माझी काळजी घरातच होती. मिस्टर केमिकल कंपनीत कामाला, आणि दिवसभर गालात तंबाखू. हल्ली भाजी जरा तिखट झाली की त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. पण सरांना तोंड दाखवायला तयार नाहीत. सर नाक्यावर दिसले की शिवमंदिराकडून वळसा घालून घरी यायचे.

दुसऱ्या दिवशी उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या आमच्या जीन्सच्या कारखान्यात मी ही टेस्ट सांगितली. सिंधी शेठ गळ्यातली चेन तोंडात धरून बसले. मग काढून बघितली आणि म्हणाले, "पीला ही है, भाभी." त्यांनी लगेच पेढे मागवले. मला आणखी जोर चढला.

घरी आल्यावर अंगठी काढून मिस्टरांपुढे धरली. "एवढंच ना? दे," म्हणाले. सरांच्या बॅटरीपेक्षा त्यांना अंगठी परवडली. चहा उकळत होता. लाल झाली का, मी विचारलं. त्यांनी मान हलवली, ठसका लागला, आणि अंगठी पोटात गेली.

"काय नाय, टेन्शन नको घेऊ," ते म्हणाले. मी आरडाओरडा केला. सर धावत आले, रिक्षा त्यांनीच आणली. दवाखान्यापर्यंत सरांनी खिशातली बॅटरी काढलीच नाही. तसं त्याआधी कधी घडलं नव्हतं.

अंगठी घशात तर अडकली नाही ना, हे बघायला डॉक्टरांनी तोंड उघडायला लावलं. त्यांचा उजेड घशाकडे गेलाच नाही, गालावरच थांबला. आत पांढरा चट्टा होता. सोनं तोंडात कुणी धरायला सांगितलं, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी सरांकडे बोट दाखवलं. सर छताचा पंखा बघत होते.

त्या चट्ट्याचा तुकडा तपासायला गेला. कॅन्सरच निघाला, पण अगदी सुरुवातीचा. ऑपरेशन झालं, गाल थोडा गेला, माणूस राहिला. अंगठी दोन दिवसांत परत मिळाली. कशी, ते विचारू नका.

मी सरांना म्हटलं, शेवटी तुमच्या सोन्यानंच वाचवलं. ते म्हणाले, "वहिनी, माझं सोनं अजून बाटलीतच आहे. तुमचं पुढे गेलं." मग भिंतीकडे तोंड करून बराच वेळ चष्मा पुसत राहिले. त्या दिवसापासून मला ते सख्ख्या दिरासारखे वाटू लागले.

काही वर्षांनी सर आजारी पडले. स्वादुपिंडाचा कॅन्सर. तिथे बॅटरी पोचत नाही. कळलं तेव्हा डॉक्टरांच्या हातात फार काही उरलं नव्हतं. आम्ही भेटायला गेलो तर मलाच हसवायला बघत होते. म्हणाले, "उशिरा येणाऱ्या पोरांना मी वर्गाबाहेर उभं करायचो, वहिनी. आता माझा नंबर लागला." मला हसू आलं नाही. फार राग आला, कुणाचा ते कळेना.

सर गेले. पुण्यानुमोदनाला विहार भरला होता. कुणी बोलणार का, असं विचारल्यावर मिस्टर उठले. ऑपरेशननंतर त्यांचे शब्द गालात अडकतात. लाजेने ते दुकानात सामानसुद्धा बोट दाखवून घेतात. त्या दिवशी मात्र ते खूप वेळ बोलले. निम्मं कुणाला समजलं नाही, मलाही नाही. पण एकही माणूस जागचा हलला नाही. शेवटी ते सरांच्या फोटोकडे वळले आणि म्हणाले, "मी आहे, सर."

तेवढं अगदी स्पष्ट आलं.