ओलीला टाळ्या

पडदा उघडला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. रंगमंचावर अजून एकही पात्र आलं नव्हतं. सेट आवडला की आधी त्यालाच टाळ्या, ही आपल्याकडची रीत. सेट होता महायुद्धानंतरच्या इंग्लंडमधल्या एका गिरणी कामगाराच्या स्वयंपाकघराचा. पोपडे सुटलेली भिंत, तिच्यावर छतापर्यंत चढलेली काळपट ओल.

“ओल किती खरी वाटते, नाही?” शेजारच्या बाई खूश होऊन म्हणाल्या.

माझं डोकंच फिरलं. असल्याच ओलीच्या खोलीत माझी आई वर्षानुवर्षं खोकत राहिली, तेव्हा कुणी ढुंकून बघितलं नाही. तिकडच्या त्या काळच्या तरुण नाटककारांनी श्रीमंतांच्या नाटकांतले गुळगुळीत दिवाणखाने उचलून फेकले आणि असली स्वयंपाकघरं रंगमंचावर आणली, ती प्रेक्षकाला खुर्चीत बसवेनासं व्हावं म्हणून. आणि आम्ही? आम्ही रेलून बसतो आणि रंगकाम वाखाणतो!

नायकाने त्या भिंतीवर मूठ आपटली. “इथं माणसं राहतात!” तो ओरडला. त्यालाही टाळ्या पडल्या.

मी दुसऱ्या बाजूच्या खुर्चीत बसलेल्या आईकडे वळून पाहिलं. तिचे हात टाळीसाठी उठले नव्हते. त्या रंगवलेल्या भिंतीकडे बघत तिने पदर नाकाला लावला होता.