एका पोरीची बॅच

आमच्या आर्वीच्या कॉलेजात विभागप्रमुख व्हायला फार अक्कल लागत नाही. वर बसलेला माणूस रिटायर झाला पाहिजे आणि त्याची जागा भरायला सरकारकडे पैसा नसला पाहिजे. मी अशीच झाले. वनस्पतीशास्त्रात एके काळी चार पक्क्या जागा होत्या, उरली मी एकटी. सोबतीला तासिका तत्त्वावरचे एक सर, म्हणजे जितके तास शिकवतील तितक्याचेच पैसे. अकरा वर्षं ते दर उन्हाळ्यात नव्यानं अर्ज करत आणि मी दर वेळी तो पुढे सरकवत असे.

त्या वर्षी अनुदानाचे नियम बदलले आणि प्राचार्यांनी सगळ्या प्रमुखांना वर्ध्याला दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. विषय होता नेतृत्व. पुण्याहून आलेला तरुण शिकवणारा दर वाक्याला हसत होता, त्यामुळे पहिल्या अर्ध्या तासातच तो माझ्या डोक्यात गेला. दुसऱ्या दिवशी त्यानं समोरासमोर खुर्च्या मांडून आम्हाला जोडीजोडीनं बसवलं. एकानं प्रमुख व्हायचं, दुसऱ्यानं नोकरी जाणारा माणूस. मी प्रमुख झाले. आवाज खाली ठेवला, डोळ्यांत पाहिलं, 'हा निर्णय तुमच्या कामाबद्दल नाही' हे वाक्य जिथं टाकायला सांगितलं होतं तिथं टाकलं. टाळ्या पडल्या. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

परत आल्यावर प्राचार्यांनी सरळ सांगितलं, "मॅडम, पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलच्या दोन बॅच झाल्या तरच सरांचे तास. एकच झाली तर तुम्ही एकट्या पुरे." दोन बॅच होण्यापुरती मुलं आणायची म्हणजे गावोगाव फिरणं आलं. आमच्याकडे मे महिन्यात मास्तर लोक फाइल काखेत मारून बारावी झालेल्या पोरांची घरं शोधत फिरतात, हे बाहेरच्याला खरं वाटणार नाही. लग्न जुळवायला निघाल्यासारखेच असतो आम्ही. पोरगी पाहायची, बापाशी बोलायचं, चहा घ्यायचा, फॉर्मवर सही घ्यायची.

सरांच्या मोटरसायकलवर मागे बसून मी आठवडाभर फिरले. माझं एक ठरलेलं वाक्य होतं. बाप कुरकुरायला लागला की सरांकडे बोट दाखवून म्हणायचं, "हे सर पाहा, आपल्याच भागातले, शेतकऱ्याचा पोरगा. शिकले आणि आज कॉलेजात शिकवतात." हे वाक्य हमखास लागू पडायचं. सर दर वेळी खाली पाहायचे. मला वाटायचं, लाजतात.

तळेगावला शेवटचं घर होतं. दुसरी बॅच व्हायला यादीत एकच पोरगी कमी होती. फॉर्म भरलेला, पोरीची सही झालेली, बापाच्या हातात पेन. मी माझं वाक्य बोलले. बापानं सरांना खालून वर न्याहाळलं.

"पर्मनंट हाय का तुमी, सर?"

मी तोंड उघडलं, पण सर आधी बोलले. "नाई काका. तासावर शिकवतो. अकरा वर्षं झाले."

"अकरा वर्षं?" त्यानं पेन माझ्या फाइलवर ठेवलं. "मंग मॅडम, माह्या पोरीले काऊन बलावून राह्यल्या तुमी?"

दारातली पोरगी आत निघून गेली. चहा मात्र आला, तो प्यावा लागला.

रस्त्यावर आल्याबरोबर मी सरांवर तोंड सोडलं. "दोन मिनिटं गप्प बसता आलं नाई तुम्हाला? स्वतःच्या पोटावर पाय दिला तुम्ही!" त्यांनी गाडीला किक मारली, पण गाडी हलवली नाही. म्हणाले, "मॅडम, सात घरी गप्पच होतो. पण ह्या पोरीच्या बापानं सरळ मलेच विचारलं." मला त्यांचा राग आला होता आणि त्याहून जास्त राग ते खरं बोलले याचा आला होता.

एकच बॅच झाली. जुलैत सरांना मी खुर्चीत समोर बसवलं. आवाज खाली, डोळ्यांत पाहून, सगळं शिकवल्यासारखं. 'हा निर्णय तुमच्या कामाबद्दल नाही' म्हणाले तेव्हा ते हसले. "माहीत हाय मॅडम. माह्याच तोंडाबद्दल हाय." मग त्यांनी प्रयोगशाळेच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि कुठल्या कपाटाचं दार वर उचलून उघडावं लागतं ते मला समजावून सांगितलं. आता ते आंजीला एका बी-बियाण्याच्या दुकानात बसतात असं ऐकलं. मी गेले नाही. जायला तोंड नाही, एवढंच.

पुढच्या मे महिन्यात मी एकटीच फिरले. बसनं तळेगावला गेले. त्याच घरात आता धाकटी बारावी झाली होती. थोरली कापसाच्या गाठींच्या कारखान्यात जाते म्हणाली आई. बापानं मला ओळखलं.

"ते खरं बोलनारे सर नाई आले?"

वर्ध्याला शिकलेला आवाज आपोआप घशात आला. "त्यांना चांगली नोकरी लागली," मी म्हणाले. "पर्मनंट."

"अस्सं!" त्याचा चेहरा खुलला. "शेवटी चीज झालं त्याइच्या शिक्षनाचं." त्यानं माझ्याकडून पेन घेतलं आणि एका झटक्यात सही केली.

या वर्षी दोन बॅच झाल्या. नव्या नियमात दुसऱ्या बॅचलाही आता वेगळा माणूस मिळत नाही. सोमवारी एक आणि गुरुवारी एक, दोन्ही मीच घेते. तळेगावची धाकटी गुरुवारच्या बॅचला असते, पहिल्या टेबलावर. परवा तिनं विचारलं, "मॅडम, तुमचे ते सर कोन्या कॉलेजात लागले? बाबा म्हणे, त्याइले विचारून घेजो पुढं काय शिकाचं ते."

मी तिला म्हटलं, आधी पान नीट काप. तिनं कापलं. मग पुन्हा वर पाहिलं आणि उत्तराची वाट पाहत थांबली.