सुगनशेठची पखुर्डी

सुगन गेला त्याच्या आदल्या दुपारी मी दवाखान्यात त्याच्या उशाशी बसलो होतो. मूत्रपिंडं थकली होती आणि डॉक्टरांनी पाणी मोजूनमापून द्यायला सांगितलं होतं. दिवसभराचा वाटा त्यानं सकाळीच पिऊन टाकला होता. बाहेर जालन्याचा उन्हाळा, आत कुरकुरणारा पंखा आणि याच्या ओठांना भेगा. त्यानं बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान हलवली तेव्हा तो हसला. ते हसू मला मुळीच आवडलं नाही. म्हणाला, "मास्तर, रुमाल तरी भिजवून आण. पोट भिजवून आणतात तसा." मी नळाखाली रुमाल धरला आणि ओला करून त्याच्या ओठांवर ठेवला. त्यानं तो चोखला नाही, नुसता राहू दिला आणि डोळे मिटले. शेजारच्या सिस्टरला वाटलं, पेशंट भ्रमात बोलतोय. भ्रम कसला... इतका शुद्धीवर मी त्याला गेल्या कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. त्या वाक्याचा अर्थ तिथे फक्त आम्हा दोघांना ठाऊक होता, आणि दुसऱ्या दिवशी आमच्यातला एक गेला.

याला आता काही आठवडे झाले. मी लिहिणार नव्हतो. पण उठावण्याच्या दिवशी, म्हणजे त्यांच्याकडे तिसऱ्या दिवशी सगळे जमतात तेव्हा, त्याच्याबद्दल जे काही बोललं गेलं ते ऐकून माझं डोकं फिरलं. ते अजून ठिकाणावर आलेलं नाही, म्हणून हा लेख.

सुगनच्या पणजोबांनी राजस्थान सोडलं आणि नवीन जालन्यात कापडाचं दुकान थाटलं. घर जैन, मुंगीला वाट देऊन चालणारं. आम्ही शाळेत एका बाकावर होतो. मी पुढे जिल्हा परिषदेत मास्तर झालो आणि तो गादीवर बसला, तेव्हापासून मी त्याला शेठ म्हणायचो आणि तो मला मास्तर. धंद्यात त्याचं लक्ष नव्हतं हे सांगायला नकोच. शर्टाच्या घडीतून निघणारे पुठ्ठे तो जपून ठेवायचा आणि त्यांच्यावर काळ्या पेनानं पाखरं काढायचा. गिऱ्हाईक परकर मागायचं आणि हा त्याच्या हातात बुलबुल द्यायचा. त्याचे भाऊ म्हणायचे, आमच्या दुकानात कापडापेक्षा पाखरांचा माल जास्त आहे.

एका हिवाळ्यात इथल्या एका कॉलेजात पक्षिशास्त्रज्ञांची व्याख्यानं होती. सुगन मला ओढत घेऊन गेला. पडद्यावर आलेख, इंग्रजीत आकडे, मागच्या रांगा झोपलेल्या. विषय भोरड्यांचा होता, ज्या आपल्या ज्वारीवर पडतात आणि ज्यांना शेतकरी गोफण मारतात त्या. वक्ते सांगत होते की हा पक्षी ज्वारीइतकेच टोळ-नाकतोडेही खातो. व्याख्यान संपून टाळ्या थांबायच्या आत सुगनचं चित्र तयार होतं. एक भोरडी, चोचीत कणसाचे दोन दाणे, आणि पोट उघडं दाखवून त्यात गच्च भरलेले नाकतोडे. बास. वक्त्यांनी तो पुठ्ठा हातात घेतला आणि म्हणाले, मी इतका वेळ हेच सांगत होतो. त्या दिवसापासून शास्त्रज्ञ त्याला शोधत यायला लागले. भोकरदनच्या शाळांपासून घनसावंगीच्या खेड्यांपर्यंत, कुणी घरट्यांवर संशोधन करो की थव्यांवर, त्यांचं सांगणं ऐकता ऐकता हा त्याचं चित्र करायचा आणि झेरॉक्स काढून गावोगाव चिकटवायचा.

त्याची एक रीत होती. चित्र झालं की रस्त्यावर जो पहिला माणूस भेटेल त्याच्यासमोर तो ते धरायचा आणि विचारायचा, "काय समजलं?" स्वतः एक अक्षर बोलायचा नाही. माणूस अडखळला की चित्र फाडलं. मग तो रिक्षावाला असो, भाजीवाली असो, नाहीतर मी. माझ्यासमोर त्यानं इतकी चित्रं फाडली आहेत की मी मठ्ठ आहे अशी त्याची खात्रीच झाली होती. दुसरा नियम असा, की चित्रात बघणाऱ्याची स्वतःची जमीन दिसली पाहिजे. कुठलंतरी झाड, कुठलंतरी तळं काढलं तर लोक चित्राकडे बघतसुद्धा नाहीत, असं तो म्हणायचा. त्याची बाभूळ काढ, त्याच्या म्हशीची वाट काढ, मग तो थांबतो. याच दोन नियमांनी त्याचा घात केला.

वैदेहीताई या संशोधक, दूरच्या शहरातल्या. कुंभार पिंपळगावच्या पलीकडे माळ आहे, माळाच्या कडेला तळं. तिथल्या पखुर्ड्यांवर त्या काही वर्षं काम करत होत्या. पखुर्डी म्हणजे मातीच्या रंगाचं, तितराएवढं पाखरू, बसलं की ढेकळात दिसत नाही. सूर्य वर आला की थवे ठरल्या वेळी, ठरल्या पाण्यावर उतरतात. पिल्लं लांब माळावर असतात, उडता येत नाही. मग नर पाण्यात पोट बुडवून बसतो. त्याच्या पोटाची पिसं पाणी धरून ठेवतात. तो तसाच उडत पिल्लांकडे जातो आणि पिल्लं त्याच्या पोटाखाली शिरून पिसांतलं पाणी पितात. हे ऐकताना सुगन लहान मुलासारखा रडला होता, हे मी पाहिलं आहे. वैदेहीताईंनी त्याला बजावलं होतं की जागा दाखवू नका, वेळ दाखवू नका, फक्त बाप आणि पिल्लं दाखवा. त्यानं मान डोलावली. आणि पुठ्ठ्यावर ती वाकडी बाभूळ काढली, घाटाची तुटकी फरशी काढली, बाभळीच्या शेंड्यावर टेकलेला सूर्य काढला, फरशीशेजारच्या उथळ काठावर उतरणारा थवा काढला, पोट बुडवून बसलेले नर काढले आणि कोपऱ्यात चोची वासून बसलेली तीन पिल्लं. मी म्हणालो, ताई नको म्हणाल्या होत्या. तर म्हणाला, "मास्तर, लोकांना आपलं गाव दिसलं तर ते जीव लावतील. बघच तू."

परीक्षेला पहिला माणूस भेटला तो बबनराव. पिंपळगाव फाट्यावर त्याचा ढाबा, बऱ्यापैकी जमीन, गावात मान. त्यानं चित्र हातात घेतलं आणि एकदाच पाहून घडाघडा सगळं सांगितलं. पाणी कुठलं, काठ कुठला, ऊन कुठवर चढलं की येतात, नर पोट कशाला भिजवतो. सुगनला आकाश ठेंगणं झालं. असा हुशार माणूस मला उभ्या जन्मात भेटला नाही, असं तो परतीच्या वाटेवर स्कूटरवरून मागे वळून वळून सांगत होता. मी त्याला समोर बघ म्हणत होतो.

पुढे महिनाभरानं आम्ही थवे बघायला गेलो. ऊन बाभळीवर आलं, तिच्यावरून पुढे गेलं. एक पाखरू उतरलं नाही. फरशीजवळच्या चिखलात पिसं रुतली होती आणि काठाला ओळीनं जाळ्याच्या खुंट्या ठोकल्याच्या खुणा होत्या. सुगन त्या खुणांमध्ये बोट घालून बघत राहिला. मग आम्ही चहाला ढाब्यावर आलो. गल्ल्यामागे सुगननं त्याला दिलेलं ते चित्र टांगलेलं होतं, प्लास्टिकचं आवरण घालून. बबनरावानं स्वतः खुर्च्या पुसल्या.

"शेठ, तुमच्या कागदाचे लई उपकार हायेत," तो म्हणाला. "जल्मभर इथंच राह्यलो, पन पाखरं कोन्च्या टायमाला कोन्च्या काठाला उतरत्यात, आमाला ठाव नव्हतं. तुमी बराबर दाखवलं. गिऱ्हाईक लांबून येऊन राह्यलं आता."

सुगननं विचारलं, "नरही धरले?"

"नरच जास्ती घावत्यात. पोट भिजवत बसत्यात ना, जल्दी उडत न्हाईत. ह्येबी तुमीच तर दाखवलं."

यात टोमणा नव्हता, हे लक्षात घ्या. तो मनापासून आभार मानत होता. कढईत काय होतं ते मी बघितलं नाही. सुगननं बघितलं. चहा तसाच ठेवून तो बाहेर पडला आणि त्यानं माळाची वाट धरली. दुपारभर माळावर उन्हात फिरला, पिल्लं शोधत. पाण्याची बाटली हातात. मातीच्या रंगाची, मुठीएवढी पिल्लं त्या माळावर कुणाला सापडणार? मी एका दगडावर बसून त्याला हाका मारत होतो आणि तो ऐकत नव्हता.

आम्ही वनखात्याकडे तक्रार केली. चौकशीला माणूस आला तोवर खुंट्यांच्या खुणा बुजल्या होत्या. वैदेहीताई आल्या, तळ्यावर एकट्या जाऊन आल्या आणि दुकानात येऊन, भाऊ आणि गिऱ्हाइकं बसलेली असताना, त्याला म्हणाल्या, "मी नको म्हणाले होते. तुम्हाला पाखरांशी देणंघेणं नव्हतं. तुम्हाला शाबासकी हवी होती." त्यानंतर त्यांनी त्याचा फोन कधी उचलला नाही. त्यांचं बोलणं अर्धं खरं होतं, आणि त्या अर्ध्यासाठीच मला त्यांचा आजही राग येतो. उरलेलं अर्धं, म्हणजे त्याचा पाखरांवर जीव होता हे, त्यांना एकदा तरी बोलता आलं असतं.

मग सुगननं आयुष्यातलं पहिलं खोटं चित्र काढलं. पखुर्डी खाऊन रोग होतो, असं. मेलेली पाखरं, पोट धरून लोळणारा माणूस. हे कुठल्या शास्त्रज्ञानं सांगितलं नव्हतं, त्यालाही माहीत होतं. खोटं बोलायला न शिकलेला माणूस. रात्रंदिवस खपून त्यानं ते केलं आणि बबनरावासमोर धरलं. बबनरावानं कागद उलटा केला, सुलटा केला, डोळ्यांजवळ नेला. "शेठ, ह्ये काई समजलं न्हाई बरं का. मानूस हासून राह्यला का झोपला?" सुगननं कागद परत घेतला आणि रिवाजाप्रमाणे फाडला. त्यानंतर तो चित्र काढायला म्हणून बसला नाही. पुठ्ठे रद्दीत जायला लागले. भाऊ खूश झाले, शेठ सुधारला म्हणून. आजार नंतर आला, पण माणूस तिथेच संपला होता, आणि मी त्याच्या शेजारी बसून त्याला ताक पी, फिरायला चल, असलं काहीबाही सांगत होतो.

उठावण्याला मंडप भरला होता. मुलानं बापाची आठवण म्हणून कार्ड छापलं होतं आणि त्यावर नेमकं तेच चित्र, सगळ्यात गाजलेलं. बिचाऱ्याला काही माहीत नव्हतं. वक्ते एकामागून एक उठले. पक्षिमित्र म्हणाले, जीवदयेचा पुतळा म्हणाले, यांच्या एका चित्रानं घराघरात पाखरू पोचलं म्हणाले. पोचलं तर खरंच. माझ्या मागच्या रांगेत पांढऱ्या कपड्यांत बबनराव बसला होता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खरं होतं हीच मला सगळ्यात वाईट गोष्ट वाटते. निघताना माझा हात हातात घेऊन म्हणाला, "एवढं समजून सांगनारं मानूस आता व्हनार न्हाई."

परवा मी ढाब्यावर गेलो आणि चित्र मागितलं. भांडायचं ठरवून गेलो होतो, तोंडात चार शब्द तयार होते. बबनरावानं एका शब्दानं घासाघीस केली नाही. खुर्चीवर चढून चित्र उतरवलं, खांद्यावरच्या उपरण्यानं त्यावरचा तेलकट थर पुसला आणि माझ्या हातात दिलं. "न्या की मास्तर. आता काई कामाचं न्हाई ते. पाखरंच येत न्हाईत."

ते आता माझ्या घरी, लिहायच्या टेबलावर भिंतीला टेकवून ठेवलं आहे. फाडायचं म्हणून आणलं होतं. फाडवत नाही. त्याच्या हातून याच्याहून चांगलं काही उतरलं नाही, आणि हे त्यालाही ठाऊक होतं. काल बायको चहा घेऊन आली. तिला यातलं काही माहीत नाही. कप ठेवता ठेवता तिची नजर गेली, ती थांबली आणि हळूच म्हणाली, "अगंबाई, बाप पोटावर पानी घेऊन चालला की लेकरांला." मग बाभूळ बघितली, फरशी बघितली, सूर्य बघितला. "हे तर पिंपळगावचं तळं. सकाळचं येत्यात व्हय? आपुन जाऊ की एकदा बघायला. हायेत ना अजून?"

"तळं आहे," मी म्हणालो.