आधीच उरकलेली कामं

सातव्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी मला पडून राहायला सांगितलं. आधीचं एक मूल पाचव्या महिन्यात पोटातच गेलं होतं, त्यामुळे वाद घालायचा प्रश्नच नव्हता. शाळेत रजेचा अर्ज दिला. माहेरी आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून सासूबाई पेडगावहून पाथरीला आमच्या दोन खोल्यांत येऊन राहिल्या. त्यांना मी आत्याबाई म्हणते.

नवरा सकाळच्या एसटीने परभणीला ऑफिसात जायचा, तो संध्याकाळीच यायचा. मधला सगळा दिवस आम्ही दोघी. मी कुशीवर पडलेली, त्या कामात. मी डोळे उघडायच्या आत अंगण झाडलेलं असायचं, भाकरी झाकून ठेवलेल्या, माझे कपडे दोरीवर. पहिले चार दिवस बरं वाटलं. पाचव्या दिवशी निदान कोथिंबीर तरी निवडू म्हणून उठले, तर तीही निवडून फडक्यात गुंडाळलेली. एवढ्याशा गोष्टीवर मला रडू आलं. का, ते मलाही सांगता आलं नसतं.

त्याच आठवड्यात मोबाईलवर तो सिनेमा दिसला. बाहेरच्या देशातला, हिंदीत बोलणारा. ज्या कादंबरीवरून तो काढला होता, तिचा मराठी अनुवाद मी डी.एड.ला असताना हॉस्टेलवर वाचला होता. एक बाई नवऱ्याला आणि लहान मुलीला घेऊन डोंगरातल्या घरात राहायला जाते. तिथे भूत दिसत नाही, कुणी किंचाळत नाही. फक्त तिची कामं तिच्या आधी कुणीतरी करून ठेवतं. अंथरूण आवरलेलं, दिवा लावलेला, पीठ मळलेलं. हॉस्टेलवर आम्ही मैत्रिणी यावर हसलो होतो.

दुपारी जेवण झाल्यावर मोबाईल तांब्याला टेकवून मी तो लावला. आत्याबाई शेंगांची टोपली घेऊन शेजारी येऊन बसल्या.

"काय बघायलीस, माय?"

"भुताचा सिनेमा आहे. नको म्हणत असाल तर बंद करते."

"मी कशाला नको म्हनू? तुझ्या आजेसासऱ्यानं धम्माची दीक्षा घेतली, तवाच घरातली भुतं भायेर काढली."

शेंगा फोडत त्या बघायला लागल्या. मी मधूनमधून कादंबरीतलं सांगत होते. पीठ मळलेलं सापडल्यावर त्या हसल्या. "ही तर सोयच हाय की! कुनी करायलंय तर करू दे." मग बराच वेळ पडद्यावर नुसतं अर्धं उघडं दार. "दारच दाखवायलेत," त्या म्हणाल्या, पण नजर काढली नाही.

मग ती बाई मुलीला अंघोळ घालायला जाते. मुलगी न्हाऊन, वेणी घालून पलंगावर बसलेली. वेणी कुणी घातली, विचारल्यावर म्हणते, तूच तर घातलीस. बाई नवऱ्याला सांगते. तो मान वर न करता म्हणतो, दमली आहेस, झोप.

आत्याबाईंचे हात थांबले. "त्या बाईला जेवलीस का म्हनून तरी कुनी इचारलं का?"

मी हसायला गेले, आणि लक्षात आलं की माझं बाळ जेवल्यापासून एकदाही हललं नव्हतं. एरवी दोन घास पोटात गेले की त्याचे पाय सुरू व्हायचे. मी हात पोटावर ठेवला. पडद्यावर बाई जिन्यावरून एकेक पायरी उतरत होती, आणि मी मनात म्हणत होते, हे सिनेमामुळेच वाटतंय. सांगितलं तर हसतील. डाव्या कुशीवर वळले. पाणी प्यायले. हजारपर्यंत मोजायचं ठरवलं आणि चारशेच्या पुढे आकडे चुकायला लागले. पुन्हा पहिल्यापासून मोजले. काही नाही.

"आत्याबाई, बाळ हलत नाही."

त्या ताडकन उठल्या. मांडीवरची टरफलं जमिनीवर पसरली. "कवापासून?"

"जेवल्यापासून."

"मग मघाशी का न्हाई बोललीस?"

"वाटलं, सिनेमा बघून मीच..."

"सिनेमाचं राहू दे. चप्पल घाल."

रिक्षात त्यांनी माझा दंड घट्ट धरला होता. प्रत्येक गतिरोधकाला त्या रिक्षावाल्यावर ओरडायच्या, आणि तो हळू झाला की "आता काय चालत न्यायलास का?" म्हणून पुन्हा ओरडायच्या. दवाखान्यात नर्सने पोटावर पट्टा बांधला. यंत्रातून नुसती खरखर. तिने पट्टा खाली सरकवला, मग डावीकडे. आत्याबाईंना माझ्यापर्यंत पोचता येत नव्हतं, त्यांनी माझं पाऊल धरून ठेवलं. मग ठोके ऐकू आले, टपटप, पळणाऱ्या करडासारखे. मी तोंडावर पदर घेतला.

बाळाभोवतीचं पाणी कमी झालं होतं. "वेळेवर आलात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि दोन दिवस ठेवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सलाईन चालू असताना मी आत्याबाईंना एकदाचं बोलून टाकलं. "तुम्ही सगळं इतकं आधीच करून ठेवता, मला वाटायचं, मी घरात नाहीच."

त्यांनी साडीचा काठ सारखा केला. "मागल्या वेळी तू पान्याचा हंडा उचललीस आन दुसऱ्या दिशी सगळं संपलं. हंड्यानंच झालं का, ते मला काय ठावं. पर तू उठायच्या आत उरकलं न्हाई, तर माझं काळीज थरथरायचं."

त्या हंड्याबद्दल त्या आजवर एक शब्द बोलल्या नव्हत्या. मीही नाही.

मुलगी नवव्या महिन्यात झाली, वजनाने जरा कमी. आत्याबाई सव्वा महिना राहून पेडगावला परत गेल्या. सिनेमाचा उरलेला भाग मी पुढे एका सकाळी एकटीने बघितला, दार उघडं ठेवून. कादंबरीपेक्षा शेवट वेगळा होता. बाई बॅग घेऊन एकटीच घराबाहेर पडते, आणि मागे खिडकीत कुणीतरी पडदे ओढून घेतं. फोनवर आत्याबाईंना मी तसंच सांगितलं.

"आन त्या पोरीचं काय झालं?"

"ते दाखवलंच नाही."

पलीकडे त्यांनी कोंबड्यांना हाकललं. मग त्यांनी विचारलं, नातीचा खोकला बसला का.