केळ्यातली गोळी

करमाडजवळच्या एका प्रयोगशाळेत मी जनावरांची डॉक्टर आहे. हृदयाच्या शिरेत बसवायची स्टेंट, म्हणजे जाळीची बारीक नळी, माणसाआधी डुकराला बसवून बघतात. ते बघणं माझं काम. नातेवाइकांत मात्र ‘पोरगी औषधाच्या कंपनीत आहे’ एवढंच सांगितलं जातं. लग्नकार्यात डुकराचा विषय निघालेला अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, चालत नाही.

गेल्या वर्षी अण्णांनाच स्टेंट बसली. देवगाव रंगारीहून मी त्यांना शहरात माझ्याकडं आणलं. हृदयाच्या डॉक्टरांनी एकच गोष्ट तीनदा बजावली: रक्त पातळ करणारी गोळी एक दिवसही चुकवायची नाही, नाहीतर जाळीत गुठळी होते. मला हे कुणी सांगायची गरज नव्हती. आमचं एक डुक्कर गोळी गालात धरून ठेवायचं आणि पाठ वळली की थुंकायचं. त्याची गुठळी मी हातात घेऊन पाहिली होती.

आठ दिवसांनी गॅलरीत, कढीपत्त्याच्या कुंडीत, मला चार गोळ्या सापडल्या.

“दुखत नाय, तर गोळी कशाला?” अण्णा म्हणाले. मी समजावलं, रागावले, रडलेसुद्धा. पिकतं तिथं विकत नाही. माझ्या अहवालावर लांबलांबचे डॉक्टर विश्वास ठेवतात. अण्णांचा विश्वास खालच्या मजल्यावरच्या निवृत्त कंडक्टरवर, आणि त्या कंडक्टरच्या मते गोळ्यांनी पोटात आग पडते.

शेवटी मला जे येतं तेच केलं. केळ्याला चीर पाडली, आत गोळी सारली. डुकरं असं केळं बिनतक्रार खातात. अण्णांनीही तीन दिवस खाल्लं. चौथ्या दिवशी दाताखाली कडू आलं.

गोळी तळहातावर घेऊन त्यांनी विचारलं, “हे कुठं शिकलीस?”

खोटं बोलता आलं नाही. “डुकरांना असंच देतो.”

आता घर डोक्यावर घेणार, असं वाटलं. पण ते नुसतं गोळीकडं बघत राहिले.

“गुण येतो त्यांना?”

“व्हय. लई. शिरा एकदम मोकळ्या राहतात.”

“आतली शीर मोकळी हाय, हे कळतं कसं, बाई?”

इतक्या वर्षांत घरात हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. अहवालात यासाठी एक सभ्य वाक्य असतं. ते अण्णांसमोर तोंडातून निघेना, आणि मला पहिल्यांदाच त्या वाक्याची लाज वाटली.

“महिनाभरानं मारावं लागतं,” मी म्हणाले. “मग शीर काढून बघतो.”

“चांगल्या झालेल्याला बी?”

“त्याला बी.”

अण्णांनी गोळी धोतराच्या सोग्याला पुसली.

“पाणी आण,” ते म्हणाले. “त्या बिचाऱ्यानं खाल्लेली वाया नको जायला.”

त्या दिवसापासून त्यांची गोळी एकदाही चुकलेली नाही. केळी आणायचं मात्र मी बंद केलं.