हेमराजनं विचारलं तेव्हा मी हसलो

हेमराज गेल्याचं मला एका गिऱ्हाइकाकडून कळलं. सिहोऱ्याच्या माझ्या औषधांच्या दुकानात तो माणूस खोकल्याचं औषध न्यायला आला होता. बाटली पिशवीत टाकता टाकता म्हणाला, "तुमचा तो दोस्त गेला म्हणते भाऊ, सकाळी. टीबी होती म्हणते." मी आदल्याच दिवशी भंडाऱ्याच्या दवाखान्यात त्याला भेटून परतलो होतो. टीबी होतीच... पण टीबीच्या आधी जे होतं ते त्याच्या गावात कोणालाच ठाऊक नाही. म्हणून हेमराज हे नावही मीच त्याला इथे दिलेलं आहे. "माह्या मागं लिहिशील त लिही," तो म्हणाला होता, "पण नाव नको."

आम्ही बारावीपर्यंत एका बाकावर. मी फार्मसीला गेलो, तो आयटीआय करून एका खाजगी कारखान्यात ठेकेदाराकडे फिटर म्हणून लागला. दिवाळीनंतर मंडईत, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेत, दंडारीचं लोकनाट्य उभं राहिलं की ढोलकीवर हाच. वाजवताना डोळे मिटून घ्यायचा आणि दंडार संपली तरी त्याची बोटं मांडीवर चालूच असायची.

सहा वर्षांपूर्वीची ती दुपार. गिऱ्हाईक निघून जाईपर्यंत तो बाहेर उभा राहिला, मग काउंटरवर वाकून हळू आवाजात म्हणाला, "काल नागपूरले एका बाईसंगं... काही वापरलं नाही. मले भेव लागून राहिला बा. काही गोळी रायते का?" मी हसलो. खरंच हसलो. "एका खेपेनं काही होत नाही. घरी जाऊन निजून राय," असं सांगून त्याला परत पाठवलं. तशी गोळी असते. बहात्तर तासांच्या आत, जितक्या लवकर होईल तितक्या लवकर सुरू करायची आणि अठ्ठावीस दिवस घ्यायची. लागण टळण्याची बरीच शक्यता असते. तेव्हा एक दिवसही उलटला नव्हता. मला हे माहीत नव्हतं, आणि 'माहीत नाही, डॉक्टरला विचार' एवढंही मी म्हटलं नाही. माझ्या मागे भिंतीवर फार्मासिस्टचं प्रमाणपत्र फ्रेम करून लावलेलं होतं.

पंधरा दिवसांनी त्यानं खाजगी लॅबमध्ये रक्त तपासलं. काही निघालं नाही. तो पेढे घेऊन आला, मीही खाल्ले. इतक्या लवकर केलेल्या तपासणीत लागण दिसेलच असं नसतं, तीन महिन्यांनी पुन्हा तपासावं लागतं, हे आम्हा दोघांनाही कोणी सांगितलं नाही, आणि आम्ही विचारलंही नाही. तीन वर्षांनी ताप हटेना, वजन उतरलं, तोंडात फोड आले. सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशक ताईंनी त्याला समोर बसवून एचआयव्हीचा निकाल सांगितला. नुकतंच त्याचं लग्न जमलं होतं. ते त्यानंच मोडलं. "त्या पोरीच्या जिंदगीले मी काहून हात लावू?" एवढंच बोलला.

तरी गोळ्यांनी तो सावरला. वर्षभरात अंग भरलं. रक्तातला विषाणू आता मोजण्यातही येत नाही, असं ताई म्हणाल्या. त्या वर्षी मंडईत तो पुन्हा ढोलकीवर बसला.

मग ठेकेदारानं सगळ्या कामगारांचं रक्त तपासून घेतलं. कशासाठी ते कोणी विचारलं नाही, कोणी सांगितलंही नाही. हेमराजचा कागद सुपरवायझरच्या टेबलावर उघडा राहिला, दुपारपर्यंत कॅन्टीनमध्ये पोचला. "उद्यापासून येऊ नको. लोक घाबरून राहिले," सुपरवायझर म्हणाला. आम्ही ताईंकडे गेलो. संमतीशिवाय अशी तपासणी करता येत नाही, निकाल फोडता येत नाही, या कारणावरून कामावरून काढता येत नाही, तसा कायदाच आहे, असं सांगून त्यांनी तक्रारीचा अर्ज लिहून दिला. हेमराजनं तो दोनदा वाचला.

"यात नाव टाका लागन ना?"

"नाव गुप्त ठेवायची मागणी करता येते," ताई म्हणाल्या.

"कारखान्यात बी गुप्तच होतं, ताई. गावात कळलं त मायचं कसं होईल?"

अर्ज घडी करून त्यानं खिशात ठेवला. तो कधी दिलाच नाही. मी दोनदा मागे लागलो, मग थकलो... खरं म्हणजे मला सोडून द्यायला निमित्त हवं होतं.

त्यानंतर तो घरीच असायचा. शेवटी भरती केल्यावर डॉक्टरांनी मला विचारलं, "यांच्या गोळ्या कधीपासून बंद आहेत?" दहा महिन्यांपासून, असं हेमराजनंच सांगितलं. दवाखान्याच्या रांगेत कारखान्यातला एक जण दिसला, त्या दिवसापासून तो तिकडे गेलाच नव्हता. मी त्याला विचारलं, "काहून बा असं केलं?" त्यानं तोंड भिंतीकडे वळवलं. टीबी मेंदूपर्यंत गेली होती. सतराव्या दिवशी संपलं.

तेरवीनंतर एका संध्याकाळी मी काकीकडे, त्याच्या आईकडे गेलो. आठ वाजता कोनाड्यातला त्याचा मोबाईल वाजायला लागला. गेली तीन वर्षं रोज आठला हा गजर वाजायचा, आणि हेमराज पाण्याचा गिलास घेऊन आतल्या खोलीत जायचा. शक्तीच्या गोळ्या आहेत, असं त्यानं तिला सांगितलं होतं. त्या दहा महिन्यांतही तो गजराला तसाच उठत असे, गिलास घेऊन आत जात असे, हे मला तेव्हा काकीकडून कळलं. मी बंद करायला उठलो.

"वाजू दे," काकी म्हणाली. "एक दिवस चुकला नाही माहा लेक गोळी खायले. तरी बी गेला."

मी खाली बसलो. गजर आपोआप थांबला, तशी ती उठली आणि मोबाईल चार्जिंगला लावून आली.