जातानाचं ॲव्हरेज

गाडीला किल्ली लावण्याआधी तो उजव्या हाताचं बोट तोंडात घालून ओलं करायचा आणि वर धरायचा. डॉक्टर सुई वर धरून हवा काढतो ना, तितक्या गंभीरपणे. मग म्हणायचा, "वारं मागनं हाय. बसा." वारं मागून नसेल तर गाडी दारातून हलत नसे, मग बाहेर कोणी कितीही खोळंबलेलं असो.

बारामतीत आमच्या शेजारचं घर त्याचं. एका कारखान्याच्या स्टोअरमधून निवृत्त झालेला. पैशाची ओढाताण म्हणाल तर अजिबात नव्हती. तोंडावर आम्ही सगळे त्याला तात्या म्हणायचो. इथं तो समोर नाही, तेव्हा एकेरीतच लिहिते. वयाचा मान ठेवावा असं आई सांगते; पण वय सगळ्यांचंच वाढतं, त्यात त्याचं कर्तृत्व काय?

गाडी साधी, छोटी, जुनी. मोबाईलवर कुठल्याशा परदेशी माणसाचा व्हिडिओ त्यानं पाहिला आणि गाडीच्या अंगावरून वारं सटकलं की पेट्रोल कमी लागतं, एवढं डोक्यात बसलं. बसलं ते बसलं. आधी दोन्ही बाजूंचे आरसे काढले, का तर त्यांना वारं अडतं. मग पाठीमागं प्लॅस्टिकच्या पाइपांचा सांगाडा बांधून त्यावर कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स उलटा करून ताणला. निमुळतं शेपूट झालं. डिकी कायमची बंद. गल्लीतली पोरं गाडीला घोरपड म्हणायची, तर हा खूश व्हायचा. घोरपडीला कधी वारं लागतं का, असं वर त्यांनाच विचारायचा.

पण खरी कमाल चाकांची. चाकांच्या खाचांत वारं घुटमळतं म्हणून त्यानं चारी चाकांवर स्टीलची ताटं बसवली. भोकं पाडून, तारेनं आवळून. ताटं बाजारातून आणलेली नव्हती. काकींच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, रुखवतातली होती. काठावर काकींच्या वडलांचं नाव कोरलेली. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. काकींनी ती ताटं कधी रोजच्या वापरात काढली नव्हती. दिवाळीला खाली काढून घासायच्या, पुसायच्या, परत फडताळात ठेवायच्या.

मी बी.एस्सी. फिजिक्स. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली पहिली, आता शाळेत विज्ञान शिकवते. एकदा त्याला सरळ सांगितलं की तात्या, आपल्याकडं पावसाळ्यात वारं मावळतीकडून येतं. बारामतीहून इंदापूरला जाताना ते तुमच्या गाडीला मागून ढकलतं, म्हणून ॲव्हरेज वाढतं. येतानाचंही मोजा आणि मग दोन्ही मिळून सांगा.

"मॅडम, येताना गाडी घराकडं येती. ते काय फिरणं हाय व्हय? येतानाचं कोण धरतं?"

चौकात तो जातानाचंच ॲव्हरेज सांगायचा. लोक माना डोलवायचे आणि तो गेल्यावर हसायचे. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. लग्नात काय दिलं ते गावभर सांगतात, काय घेतलं ते नाही.

हे हसण्यावारी गेलंही असतं. पण काकींचं माहेर नरसिंहपूर, इंदापूरच्याही पुढं, संगमावर. तिथं त्यांची आई, थकलेली. काकी अधूनमधून भेटायला जायच्या. जाताना तो गाडीनं सोडायचा आणि येताना त्या एस.टी.नं यायच्या. एकाच गावाहून निघून एकाच घरी यायचं, पण तो गाडीत एकटा, आणि काकी इंदापूरच्या स्टँडवर आईनं दिलेली ज्वारीची पिशवी सांभाळत. असं का, विचारलं तर म्हणाला, "येताना वारं तोंडावर असतं. त्यात हिचं वजन, ज्वारीचं वजन. आन् बायकांना एस.टी. अर्धी हाय की आता."

म्हणजे येताना पेट्रोल जास्त जातं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. फक्त कुणाला सांगायचं नव्हतं. ज्याला कळत नाही त्याला मी शिकवू शकते. अशाला काय शिकवणार?

श्रावणात काकींच्या भावाची घरभरणी होती. मलाही देवाला जायचं होतं म्हणून मागच्या सीटवर बसले. काचा उघडायच्या नाहीत असा हुकूम, त्यामुळं इंदापूरपर्यंत अंगावरचे कपडे घामानं ओले झाले. रस्त्याला चिखल. नव्या घराच्या दारात गाडी थांबली तेव्हा काकींची आई भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. वाकलेली म्हातारी. तिची नजर आमच्या तोंडावर येण्याआधी चाकावर गेली. तिला वाचता येत नाही, पण ती ताटं तिनंच पसंत केलेली आणि नाव कुठं कोरलंय तेही ठाऊक. तांब्यातलं पाणी तिनं चाकावर ओतलं आणि पदरानं चिखल पुसून काढला. मांडवातली माणसं बघत होती.

"जावईबापू," ती म्हणाली, "आमच्या मालकास्नी पार रस्त्यावर आणलं तुमी."

दुसरा कोणी असता तर मान वर केली नसती. हा म्हणाला, "आवो, सासरं हायती म्हणून तर गाडी पळती." आणि एकटाच हसला. मग पंगतीत बसून स्टीलवरून वारं कसं सटकतं ते शेजारच्याला समजावत राहिला. शेजारचा नुसता भात कालवत होता.

संध्याकाळी निघताना त्यानं काकींना उद्याच्या एस.टी.नं यायला सांगितलं.

"मी येत न्हाय."

"मग परवा ये," असं म्हणून तो गेला.

मी त्याच्या गाडीत बसले नाही. एस.टी.नं आले. इंदापूरला गाडी बदलायची म्हणून गर्दीत पिशवी पायाशी धरून उभी होते, तेव्हा त्या माणसाचा जेवढा राग आला तेवढा आधी कधीच आला नव्हता.

श्रावण गेला, गणपती गेले. काकी आल्या नाहीत. शेजारी डबा यायला लागला. कुणी विचारलं तर हा सांगायचा, आईची सेवा करती. शेवटी माझ्या आईनंच त्याला धरलं. जावा आन् घिऊन या, पाया पडावं लागलं तर पडा, असं तिनं स्वच्छ सुनावलं. त्यावर हा म्हणतो, "दसरा झाला की वारं फिरतंय, वहिनी. उगवतीकडनं येतं. मग येताना मागनं असंल. तवा आणतो."

आईला वाटलं चेष्टा करतोय. चेष्टा नव्हती. रुसलेली बायको आणायला हा माणूस वारं फिरायची वाट बघत होता.

आणि फिरलं तसा गेला, जाताना वारं तोंडावर घेऊन. ताटं काढून, घासून, पिशवीत घालून नेली. तेवढी अक्कल कुठून आली कुणास ठाऊक, मेव्हण्यानं फोनवर शिव्या घातल्या असाव्यात. पुढचं मला काकींनीच सांगितलं. भाऊ नव्या घरात राहायला गेलेला, जुन्या घरात काकी आणि त्यांची आई दोघीच. काकींनी ताटं घेतली, आत ठेवली आणि उंबऱ्यात उभं राहून विचारलं, "वारं फिरलं नसतं तर आला असता का तुमी?"

व्हय म्हणायला त्याचं काय जात होतं? पण एरवी प्रत्येक गोष्टीवर उत्तर असलेला माणूस खाली बघत बसला. अंधार पडला तरी बसलेला. शेवटी म्हातारीनं आतून जेवायला हाक मारली. त्या दिवशी तो निघाला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही.

शेजारचं घर आता भाड्यानं दिलंय. गल्लीत म्हणतात, तात्याला पश्चात्ताप झाला. म्हणोत. मध्यंतरी मी नरसिंहपूरला गेले होते. तो सासूच्या ओसरीवर शेंगा फोडत बसला होता, तोच जो बारामतीत लोकांना घरजावई म्हणून हिणवायचा. मी काकींना हळूच विचारलं, सुधारले का?

"सुधारत्यात कुठलं," काकी म्हणाल्या. "पर आता ते माझ्या घरात हायती. मी त्यांच्या न्हाय."

मग त्यांनी त्याला चहा टाकायला सांगितला. तो उठून आत गेला आणि बऱ्याच वेळानं कप घेऊन आला. चहात दूध नावाला होतं. काकींनी एक घोट घेतला आणि कप त्याच्या हातात परत दिला.

"दूध घालून आणा."

तो माझ्याकडं बघत उभा राहिला. मग माझाही कप उचलून तो आत गेला.